आत किती जण आहेत?



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी 'सैन्याच्या सुटकेच्या मोहिमा आणि ड्रोन' हा विषय तरुण कार्यकर्त्यांनी सुचवला, याचा मला मनापासून आनंद झाला. साहसकथेला मी कधीच कमी लेखलं नाही. गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा वाचनालयातून आणायच्या आणि एका बैठकीत संपवायच्या, अशा पिढीतला मी आहे. नाना पाटेकरांचा 'प्रहार' १९९१ साली आला. त्यातला तरुण कमांडो ओलिसांना सोडवताना पाय गमावतो, आणि नंतर आपल्याच वस्तीतल्या गुंडांच्या हातून मारला जातो, हे पाहून थिएटरातून बाहेर पडताना कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आज कॉलेजात असलेल्यांना त्याऐवजी २०१९चा 'उरी' आठवेल, आणि त्यातला पक्ष्याच्या आकाराचा 'गरुड' ड्रोन.

अशा जवळजवळ प्रत्येक कथेत एक प्रसंग हमखास असतो. टेबलावर नकाशा पसरलेला आहे, भोवती अधिकारी उभे आहेत आणि मुख्य अधिकारी विचारतो, ''आत किती जण आहेत?'' ड्रोनचा पडदा उजळतो, उष्णतेचे पिवळे-तांबडे ठिपके दिसतात आणि कुणीतरी आकडा सांगतो. दोन सेकंदांत उत्तर मिळतं आणि गोष्ट पुढे धावू लागते. मला आज त्या दोन सेकंदांबद्दल बोलायचं आहे. ज्या शीळफाट्यावर आपण जमलो आहोत, तिथे ४ एप्रिल २०१३च्या संध्याकाळी नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आधी सैन्याकडे वळू, कारण या प्रश्नाचं मोल सैनिकाइतकं कुणाला कळत नाही.

एंटेबीची मोहीम तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. २७ जून १९७६ रोजी एअर फ्रान्सच्या विमानाचं अपहरण झालं आणि ते युगांडातल्या एंटेबी विमानतळावर नेण्यात आलं. पुढच्या काही दिवसांत अपहरणकर्त्यांनी बरेच प्रवासी सोडून दिले. विमानाचे कर्मचारी धरून शंभरावर माणसं जुन्या टर्मिनलमध्ये अडकून राहिली. इस्रायलचे कमांडो ३ आणि ४ जुलैच्या मधल्या रात्री चार हर्क्युलस विमानांतून तिथे उतरले आणि १०२ जणांना घेऊन परतले. चित्रपटांनी आपल्याला ती रात्र दाखवली. मला मात्र त्या रात्रीच्या आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. सुटून पॅरिसला आलेल्या प्रवाशांशी इस्रायली अधिकारी तासन्‌तास बोलत बसले होते. ओलिसांना कुठल्या दालनात ठेवलंय, दार कुठल्या बाजूला उघडतं, पहारेकरी कुठे उभे राहतात, मुलं किती, म्हातारी माणसं किती, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. टर्मिनलच्या बांधकामात एका इस्रायली कंपनीचा हात होता, तिच्याकडचे नकाशे मिळाले. तेव्हा आजच्यासारखा ड्रोन नव्हता. मोहिमेला डोळे दिले ते सुटून आलेल्या माणसांच्या आठवणींनी.

तरीही तिथे एक माणूस मागे राहिला. डोरा ब्लॉक नावाच्या वृद्ध बाईंना घशात घास अडकल्यामुळे कम्पालाच्या रुग्णालयात हलवलं होतं. सुटकेच्या वेळी त्या टर्मिनलमध्ये नव्हत्या. पुढे इदी अमीनच्या माणसांनी त्यांना ठार मारलं. चकमकीत तीन ओलीस गेले आणि पथकाचा प्रमुख योनातन नेतान्याहूही गेला. शंभरावर माणसं सुखरूप परतली, पण त्या यशाच्या प्रत्येक हकिगतीत डोरा ब्लॉक हे नाव घ्यावंच लागतं. सुटकेच्या मोहिमेचा हिशेब माणसागणिक होतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळच्या नगरोटा इथे पोलिसांच्या वेशातले अतिरेकी सैन्याच्या तळात घुसले. ज्या दोन इमारतींत ते शिरले, तिथे अधिकारी आणि जवानांची कुटुंबंही राहत होती. बारा जवान, दोन स्त्रिया आणि दोन लहानगी मुलं आत अडकली. इमारतीत नेमकं कोण राहतं, कोण सुटीवर आहे, कुठल्या घरात तान्हं मूल आहे, हे अशा तळाला माहीत असतं. सोळाही जण बाहेर आले. आत असलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या पत्नींनी घरातलं सामान दाराशी रचून अतिरेक्यांची वाट रोखून धरली होती, हेही सांगितलं पाहिजे. या कारवाईत पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि नांदेड जिल्ह्यातले लान्स नाईक संभाजी कदम यांच्यासह सात जण धारातीर्थी पडले. पंढरीत त्या दिवसांत जी माणसं रस्त्यावर लोटली, ती एका योद्ध्याला निरोप द्यायला आली होतीच. तो योद्धा गेला होता दुसऱ्यांच्या लेकरांसाठी, आणि त्याची मला आज मुद्दाम आठवण करून द्यायची आहे.

आता ड्रोन. ही गोष्ट आपल्या शेजारची आहे.

इथून महापे रस्त्याला लागून डोंगर ओलांडला की महापे एमआयडीसी लागते. तिथे आयडियाफोर्ज नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. पवईच्या आयआयटीत शिकलेले अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशीष भट यांनी २००७मध्ये ती सुरू केली. 'थ्री इडियट्स'मधला तो छोटा चार पंख्यांचा ड्रोन आठवतो? तो यांनीच बनवलेला. पुण्याच्या दिघीतल्या डीआरडीओच्या संशोधन संस्थेबरोबर त्यांनी 'नेत्र' हे छोटं टेहळणी यंत्र विकसित केलं. वजन दीड किलोच्या आसपास, पाठीवरच्या पिशवीत मावणारं, आणि एका बॅटरीवर साधारण अर्धा तास उडणारं. पुढे २०२१च्या जानेवारीत याच कंपनीला भारतीय सैन्याने 'स्विच' नावाच्या ड्रोनसाठी सुमारे दोन कोटी डॉलरचं काम दिलं. तो ड्रोन हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी सरळ वर उठतो आणि मग विमानासारखा पंखांवर पुढे जातो. डोंगराळ सीमेवर धावपट्टी कुठून आणणार? म्हणून ही रचना.

'नेत्र'ची खरी कसोटी युद्धात लागली नाही. २०१३च्या जूनमध्ये केदारनाथ खोऱ्यात महापूर आला आणि हजारो यात्रेकरू डोंगरात विखुरले. रस्ते वाहून गेले होते, हेलिकॉप्टरला ढगांमुळे दऱ्यांत शिरणं अवघड जात होतं. अशा वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने, म्हणजे एनडीआरएफने, 'नेत्र' उडवून अडकलेली माणसं शोधली. कपारीत, झाडाखाली, तुटलेल्या पायवाटेच्या टोकाला बसलेली माणसं पडद्यावर दिसली आणि पथकं त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्याच मोहिमेत २५ जूनला गौरीकुंडाजवळ वायुसेनेचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं आणि वीस जण गेले. त्यात एनडीआरएफचे नऊ जवान होते आणि त्यांत महाराष्ट्रातलेही होते. माणसाने जिथे जीव घालून जायचं, तिथे आधी यंत्राला पाठवता आलं तर पाठवावं, ही ड्रोनच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती मी पूर्ण मनाने मानतो.

ड्रोनला काय दिसतं हेही नीट समजून घेऊ. साध्या कॅमेऱ्याला उघड्यावरचं दिसतं. उष्णतेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला रात्री थंड खडकावर बसलेला माणूस उठून दिसतो, पण दुपारी तापलेल्या पत्र्यावर तोच माणूस हरवतो. आणि काँक्रीटच्या आरपार यातलं काहीच दिसत नाही. चित्रपटात छप्पर भेदून खोलीतली माणसं ठिपके बनून दिसतात, ती पटकथेची सोय आहे. २०२२च्या फेब्रुवारीत केरळमध्ये मलमपुळा इथे एक तरुण कड्याच्या खोबणीत दोन रात्री अडकला होता. ड्रोनने तो कुठे बसलाय ते अचूक दाखवलं, हेलिकॉप्टरला कड्याजवळ जाता आलं नाही, आणि शेवटी दोर लावून उतरलेल्या सैन्याच्या जवानानेच त्याला पाणी पाजलं आणि वर नेलं. तिथे एकच माणूस अडकलाय हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून सगळी शक्ती एका बिंदूवर लावता आली.

आता शीळफाट्यावर येऊ.

केदारनाथच्या दोन-अडीच महिने आधीची गोष्ट. ४ एप्रिल २०१३, गुरुवार, संध्याकाळची वेळ. लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. काही महिन्यांतच सात मजले चढवले होते, वर आठव्याचं काम चालू होतं, आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आलेली होती. परवानगी नव्हती, भोगवटा प्रमाणपत्राचा प्रश्नच नव्हता. राहणारे बहुतेक बांधकामावरचे मजूर, त्यांच्या बायका, मुलं आणि स्वस्त भाडं पाहून आलेली कुटुंबं. इमारतीत वस्ती झाली की ती पाडायला पालिका कचरते, हे गणित या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गणितात माणूस म्हणजे इमारतीची ढाल असतो. त्यामुळे तो किती आहे, त्याचं नाव काय, हे लिहून ठेवण्यात बांधणाऱ्याला काडीचाही रस नसतो. लिहून न ठेवण्यातच त्याचा फायदा असतो.

७४ माणसं गेली. त्यांत १८ मुलं होती. साठहून अधिक जखमी झाले. हे आकडे आज आपण सहज सांगतो, पण त्या रात्री ते कुणाला माहीत नव्हते. शंभर असतील, दीडशे असतील, असे अंदाज चालले होते. शंभर आणि दीडशेमधला फरक कागदावर पन्नासचा आहे. ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाला तो फरक म्हणजे अजून एक स्लॅब उचलायचा की थांबायचं, एवढा असतो.

अशा ढिगाऱ्यात काम कसं चालतं ते सांगतो, कारण थरार हवा असेल तर तो इथे आहे. एकावर एक मजले भाकऱ्यांच्या चवडीसारखे बसलेले असतात. मधे कुठे खांब, कपाट, पलंग यांनी स्लॅब तोलून धरलेला असला तर पोकळी राहते, आणि जिवंत माणूस सापडतो तो त्या पोकळीत. पहिले हात शेजाऱ्यांचे असतात. ते वरचं सैल ओढून काढतात आणि बाहेरच्या कडेला अडकलेली पुष्कळ माणसं तेच वाचवतात. मग अग्निशमन दल येतं, एनडीआरएफ येतं. कुत्री वास घेतात, कंप टिपणारी यंत्रं लावली जातात, लवचिक नळीच्या टोकाचा कॅमेरा फटीतून आत सोडतात. मधेच प्रमुख हात वर करतो. सगळी यंत्रं बंद होतात, कटर थांबतात, रस्त्यावरची गर्दी गप्प केली जाते. एक जवान फटीशी तोंड नेऊन ओरडतो, कुणी आहे का आत, ऐकू येत असेल तर ठोका. आणि सगळे कान लावून बसतात. आकाशातला ड्रोन या घटकेला उपयोगी नाही, उलट त्याच्या पंख्यांचा आवाज नको असतो.

पहिल्या चोवीस तासांत वाचणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, नंतर ते झपाट्याने घसरतं. म्हणून कुठे आधी खणायचं हा निर्णय जीवघेणा ठरतो. तिसऱ्या मजल्याच्या उत्तरेच्या खोलीत सहा जण झोपतात हे माहीत असेल तर तिथे आधी बोगदा काढता येतो. आंतरराष्ट्रीय शोधपथकांची तेव्हा एक खूण करण्याची पद्धत होती, आपलं एनडीआरएफही त्या पद्धतीत शिकलेलं आहे. शोधलेल्या इमारतीवर रंगाने चौकोन काढायचा. एका बाजूला जिवंत काढलेल्यांचा आकडा, दुसऱ्या बाजूला मृतांचा. आणि खाली, अजून बेपत्ता किती. तो खालचा आकडा भरायला यादी लागते. यादी नसेल तर तिथे अंदाज लिहावा लागतो, आणि अंदाजावर काम कधी थांबवायचं हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर काय ओझं येत असेल, याची कल्पना करून पाहा. शीळफाट्यावरचं शोधकार्य ६ एप्रिलला थांबवण्यात आलं.

याच्या शेजारी सिलक्यारा ठेवून बघा. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची सकाळ. उत्तरकाशीतल्या बोगद्याचा भाग कोसळला आणि पलीकडे मजूर अडकले. १७ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, ४१ जण बाहेर आले. शेवटचे काही मीटर मोठं यंत्र मोडल्यावर रॅट मायनिंग करणाऱ्या कामगारांनी हाताने खणले, ते योग्यच गाजलं. मला मात्र दुसरीच गोष्ट सांगायची आहे. पहिले काही दिवस प्रशासन चाळीस मजूर आत आहेत असं सांगत होतं. मग आकडा ४१ झाला. बोगद्यासारख्या नियमांच्या कामावर, जिथे आत शिरणाऱ्याची नोंद मुखाशी व्हायची असते, तिथेही एक माणूस सुरुवातीला मोजणीतून सुटला होता. सहा इंची नळी आरपार गेल्यावर २१ नोव्हेंबरला कॅमेरा आत पोहोचला, तेव्हा बाहेरच्यांनी मजुरांना कॅमेऱ्यासमोर यायला सांगितलं. त्या चित्रांतून देशाला त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसले. घरी बसलेल्या आईला मुलगा दिसला. मोजणीला चेहरा आला की तिचं बळ बदलतं.

इर्शाळवाडी तर आपल्या डोळ्यांसमोरची. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर दरड आली. रस्ता नाही, चिखलातली चढण, धो धो पाऊस. वायुसेनेची हेलिकॉप्टर तयार असून ढगांमुळे उडू शकली नाहीत. खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मुलं, एनडीआरएफ, ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, असे सगळे पायी वर गेले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढताना हृदयविकाराने गेले. जेसीबी वर नेता येत नव्हता, म्हणून कुदळ-फावड्यांनी उपसावं लागलं. पण तिथे एक गोष्ट होती जी शीळफाट्याला नव्हती. वाडीची लोकसंख्या सरकारदरबारी नोंदलेली होती, २२८. मग एकेका घराची चौकशी सुरू झाली. कोण आश्रमशाळेत आहे, कोण कामाला बाहेरगावी गेलंय, कोण त्या रात्री दुसरीकडे मुक्कामाला होतं. १४४ जण हयात असल्याचं पक्कं झालं. २७ मृतदेह मिळाले. उरलेल्या ५७ जणांना शोधकार्य थांबल्यावर बेपत्ता म्हणून नोंदलं गेलं, आणि त्या प्रत्येकाला नाव होतं. डोंगरातल्या आदिवासी वाडीतला माणूस मरणानंतर नावानिशी ओळखला गेला आणि महानगराच्या कुशीतल्या सात मजली इमारतीत राहणारा मजूर आकड्यांच्या अंदाजात अडकला, हे मला आजही अस्वस्थ करतं.

कल्याण-बदलापूरच्या लोकांना २७ जुलै २०१९ सांगायला नको. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. एनडीआरएफच्या बोटी, नौदलाची पथकं, वायुसेनेची हेलिकॉप्टर, सगळं आलं. दुपारपर्यंत १,०५० प्रवासी बाहेर काढले गेले, त्यांत नऊ गर्भवती होत्या, आणि कल्याणहून त्यांच्यासाठी खास गाडी सोडली. एकही जीव गेला नाही. पण त्या सकाळी कुणी सातशे म्हणत होतं, कुणी दोन हजार. आरक्षित डब्यांचा तक्ता होता, जनरलच्या डब्याचा नव्हता. नेहमी जे जनरलने जातात तेच मोजणीत धूसर होतात.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते हेच. सुटकेची मोहीम ड्रोन उडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. ती यादीत सुरू होते. ज्या समाजाने आपल्या माणसांची नोंद ठेवली आहे, त्याच्या हातातला ड्रोन जीव वाचवतो. नोंदच नसेल तर तोच ड्रोन उद्ध्वस्त छपरांची सुंदर चित्रं देतो.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आता ड्रोननेच मोजू. मोजू शकतोच. महाराष्ट्रात गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून झाली आणि पुढे २०२०मध्ये केंद्राची 'स्वामित्व' योजना देशभर निघाली. घराघराची हद्द नकाशावर आली, मालमत्ता पत्रिका हातात आल्या. ते मोलाचं काम आहे. बेकायदा इमारतीचा पाया घातला जात असतानाच ड्रोनच्या दोन महिन्यांतल्या चित्रांची तुलना करून ती पकडता येते, आणि पकडलीच पाहिजे. पण ड्रोन घर मोजतो. घरातल्या माणसांपर्यंत पोहोचायला दार वाजवावं लागतं.

आणि दार उघडणाऱ्याला भीती वाटते. या भीतीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच शीळमधल्या १७ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींवर असाच आदेश झाला होता. तिथे बनावट परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचा प्रकार होता. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो. लकी कंपाउंड ज्याने पाहिलं, त्याला तो योग्यच वाटेल. पण त्या इमारतींतल्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. आयुष्यभराची पुंजी किंवा सोसवेल एवढं भाडं देऊन ती आली. तिच्या दाराशी कागद घेऊन येणारा प्रत्येक जण आजवर तिला बाहेर काढायलाच आला आहे. मग ती नाव का सांगेल? घरात सात जण असतील तर चार सांगेल. बांधकामावरचा मुकादम मस्टरवर पुरुषाचं नाव लिहितो, त्याच्यासोबत पोटमाळ्यावर झोपणाऱ्या बायकोचं आणि मुलाचं लिहीत नाही. अधिकृत सोसायट्यांमध्येही काही फार बरं चित्र नाही. 'आय' आणि 'जे' नमुन्यात सभासदांची नावं असतात, मालक परदेशात असला तरी त्याचंच नाव, आणि प्रत्यक्ष राहणारा भाडेकरू पोलीस ठाण्यातल्या वेगळ्या फायलीत. आग लागली तर अग्निशमन दलाचा जवान कुठली फाइल उघडणार?

नगरोट्यासारख्या सैन्याच्या तळावर कोण कुठे राहतं हे लगेच कळतं, कारण तिथे राहणाऱ्याला माहीत असतं की आपलं नाव लिहिणारा आपल्यासाठीच येणार आहे. तो विश्वास आधी असतो, यादी नंतर येते. आपल्याला तोच विश्वास इथे उभा करायचा आहे, आणि तो अतिक्रमण विभागाच्या माणसाला कधीच उभा करता येणार नाही. म्हणून ही यादी त्या विभागाकडे असता कामा नये. ती अग्निशमन केंद्राकडे आणि आपत्ती प्रतिसाद दलाकडे असावी, आणि ती पाडकामासाठी, करवसुलीसाठी, तपासासाठी वापरता येणार नाही असा ठराव पालिकेने करावा. इमारत अधिकृत आहे की नाही, हा प्रश्न त्या कागदावर विचारूच नये. ढिगाऱ्याखालच्या माणसाला कुणी तो विचारत नाही.

काम अवघड आहे, पण अशक्य नाही. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आपल्या शीळफाट्यापाशीच वर येतो. त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखाली आहेत. घणसोली ते शीळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा टप्पा २०२५च्या सप्टेंबरमध्ये आरपार झाला. अशा बोगद्यात उतरणाऱ्या माणसाची नोंद ठेवणं हा कामाचाच भाग असतो. रोज, पाळीगणिक. जमिनीखाली हे करता येतं, तर जमिनीवर, खिडकाळी, पडले, देसई, डायघर, दिवा इथल्या चाळींत आणि इमारतींत का करता येऊ नये? इथे वस्ती दर आठवड्याला बदलते, हे मला मान्य आहे. बोगद्यातली माणसंही दर पाळीला बदलतात.

तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. तुम्ही हा विषय सुचवलात, तर त्याचं पहिलं काम तुम्हीच करा. ड्रोन उडवायला शिका, महापेला जा, तो कारखाना बघा, त्या अभियंत्यांना इथे बोलवा. इथल्या मुलांपैकी कुणी उद्या एनडीआरएफच्या सुदुंबऱ्याच्या तळावर असेल, कुणी सैन्यात असेल, कुणी ड्रोन बनवत असेल, असं मला मनापासून वाटतं. पण या महिन्यात एक साधा अर्ज छापून घ्या. इमारत सांभाळणाऱ्या माणसाला किंवा एखाद्या मजल्यावरच्या बाईला सोबत घेऊन दारोदार जा. त्यावर चारच गोष्टी असू द्या: कुठला मजला आणि कुठली खोली, रात्री मुक्कामाला किती, दिवसा घरी किती, आणि स्वतःहून उठून बाहेर पडू शकणार नाही असं कुणी आहे का. भरलेला अर्ज अग्निशमन केंद्रात द्या, पोच घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दारांवर जा.